शब्दवेध : आयनोड

लिनक्समध्ये प्रत्येक फाइलमागे एक ‘आयनोड’, म्हणजे त्या फाइलची माहिती ठेवणारी क्रमांकित नोंद, असतो. त्यातला ‘आय’ कुठून आला? युनिक्सच्या जनकांपैकी डेनिस रिची यांनाही पुढे ते खात्रीने सांगता आले नाही. ‘इंडेक्स’, म्हणजे सूची, हा त्यांचा अंदाज. मला तो पटतो. सुरुवातीच्या युनिक्समध्ये सगळे आयनोड डिस्कवर एका सरळ क्रमवार यादीत असत; फोल्डरांची उतरंड वेगळी.

जळगाव-धुळ्याच्या शेतकऱ्याला हे सहज उमजेल. जमीन विकली की सातबाऱ्यावर फेरफार होऊन खातेदार बदलतो, गट नंबर तोच राहतो. फाइलचे नावही फोल्डरमध्ये असते, आयनोडमध्ये नव्हे. ते बदलले तरी आयनोडचा क्रमांक हलत नाही.

जुन्या एक्स्ट२ पद्धतीत आयनोडमध्ये १५ पत्ते असत : १२ थेट माहितीच्या ब्लॉकचे, उरलेले ३ पत्त्यांच्या याद्यांकडे नेणारे. २००८ मध्ये स्थिरावलेल्या एक्स्ट४ने ‘इथून सलग इतके ब्लॉक’ अशी आटोपशीर नोंद आणली. तिचे नाव एक्स्टेंट. ४ केबीचे ब्लॉक असतील तर अशी एक नोंद १२८ एमबीपर्यंत पुरते.

एक्स्ट४मध्येही आयनोड ठरावीकच असतात; ते संपले, तर डिस्कवर जागा असूनही नवी फाइल तयार होत नाही.