दचकण्याचा इतिहास : काचेमागच्या सापापासून आभासी रणभूमीपर्यंत

१/
लंडनच्या प्राणिसंग्रहालयात चार्ल्स डार्विनने एकदा स्वतःवरच प्रयोग केला. जाड काचेमागे पफ ॲडर हा विषारी साप होता. साप झेपावला तरी मागे हटायचे नाही, असा निश्चय करून त्याने चेहरा काचेच्या जवळ नेला. साप झेपावताच तो क्षणार्धात मागे उडाला. १८७२ साली प्रसिद्ध झालेल्या भावाविष्कारांवरील ग्रंथात त्याने हा पराभव प्रांजळपणे नोंदवला. काच मध्ये आहे हे बुद्धीला ठाऊक होते. शरीर मात्र बुद्धीला विचारायला थांबले नाही.

२/
या दुबळेपणाचा व्यवसाय डार्विनच्या आधीच सुरू झाला होता. राज्यक्रांतीतील रक्तपाताच्या आठवणी ताज्या असताना, १७९८ मध्ये एतियेन-गास्पार रॉबेर्तसन याने पॅरिसमध्ये ‘फँटासमागोरी’ हा भुतांचा खेळ मांडला. पुढच्याच वर्षी तो कापुचिन पंथाच्या ओसाड मठात नेण्यात आला.

३/
पडद्यामागे चाकांवरचा जादूचा कंदील असे. तो मागेपुढे सरकवला की आकृती झपाट्याने मोठी होत अंगावर धावून आल्यासारखी भासे. जोडीला गडद अंधार, धूर आणि काचवाद्याचे कातर सूर असत. केवळ चित्राने माणूस पुरता फसत नाही. कान आणि नाक यांनीही साक्ष द्यावी लागते, हे रॉबेर्तसनने ओळखले होते.

४/
येथे एका प्रसिद्ध आख्यायिकेची आठवण होते. ल्यूमिएर बंधूंच्या चित्रपटातील आगगाडी पाहून प्रेक्षक जीव मुठीत धरून पळाले, असे सांगितले जाते. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलातही ल्यूमिएरांचा खेळ झाला आणि त्यात ही आगगाडी होती. परंतु त्या पळापळीला समकालीन भक्कम पुरावा सापडत नाही. ती गाडी मूक होती. तिच्या येण्याने ना जमीन हादरत होती, ना कोळशाचा वास येत होता.

५/
दचकणे मोजण्याचे शास्त्र विसाव्या शतकात उभे राहिले. कार्नी लँडिस आणि विल्यम हंट यांनी पिस्तुलाच्या अचानक बाराने दचकणाऱ्या माणसांचे अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केले. त्यांचा ग्रंथ १९३९ साली आला. क्रम ठरलेला दिसला : आधी डोळे मिटतात, मग मान पुढे झुकते, खांदे आक्रसतात. आवाजाची सवय झाल्यावर बाकीच्या हालचाली ओसरतात. पापणी मात्र सहसा हार मानत नाही.

६/
सर्व इंद्रियांना एकत्र फसवणारे यंत्र बनवले ते मॉर्टन हायलिग या अमेरिकन छायालेखकाने. त्याच्या ‘सेन्सोरामा’ला १९६२ मध्ये पेटंट मिळाले. त्रिमित चित्र, दोन्ही कानांना वेगळा ध्वनी, थरथरणारे आसन, वाऱ्याचा झोत आणि गंध यांच्या साहाय्याने प्रेक्षक ब्रुकलिनमधून मोटारसायकलवर फिरून येई. प्रत्यक्ष धोका न पत्करता प्रशिक्षण देता यावे, हा हेतूही पेटंटमध्ये नमूद होता. भांडवल मात्र मिळाले नाही आणि यंत्र अडगळीत गेले.

७/
त्या कल्पनेला खरे काम मिळाले ते युद्धाने जखमी केलेल्या मनांमुळे. आघातोत्तर ताणविकारात दचकण्याची प्रतिक्रिया अवाजवी तीव्र होते; दार आपटले तरी स्फोट झाल्यासारखे वाटते. १९९७ मध्ये अटलांटात व्हिएतनामच्या माजी सैनिकांसाठी आभासी हेलिकॉप्टर आणि जंगल उभारण्यात आले. नंतर दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात स्किप रिझो यांच्या चमूने ‘व्हर्च्युअल इराक’ घडवले.

८/
येथे हायलिगची जवळजवळ सारी सामग्री परत आली. डोळ्यांवर हेडसेट, पायाखाली कंप पावणारा मंच, हवेत डिझेल आणि जळक्या रबराचा वास. हेतू मात्र उलटा होता. स्फोट केव्हा आणि किती मोठा हे उपचारक ठरवतो. रुग्ण ती आठवण पुन्हापुन्हा, बेताबेताने, सुरक्षित खोलीत बसून सांगतो. शरीराला ओळखीचे वाटेल इतके खरे, पण सोसता येईल इतकेच, हे प्रमाण राखणे हाच या उपचाराचा कस आहे.

९/
उपचाराचा परिणाम अजमावताना रुग्णाच्या शब्दांवरच विसंबून राहिले जात नाही. इराक व अफगाणिस्तानातून परतलेल्या १५६ सैनिकांवरील, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दचकण्याची प्रतिक्रियाही मोजली गेली. अशा मोजणीत डोळ्याखाली लावलेले संवेदक पापणीच्या स्नायूची हालचाल टिपतात. लँडिस आणि हंट यांच्या कॅमेऱ्यासमोर हार न मानणारी तीच पापणी आता उपचाराची साक्षीदार झाली आहे.