जमिनीवरच मोडलेलं हेलिकॉप्टर

बेसिंगस्टोकहून साउथॅम्प्टनची ट्रेन घेतलीत, तर ईस्टलीनंतर लगेच विमानतळाचं स्टेशन लागतं. १९५० साली तिथे सिएर्वा कंपनी आपल्या हेलिकॉप्टरांच्या चाचण्या घेत होती. त्यातलं स्कीटर अगदी हलकं, दोघांपुरतं. ते आकाशातून पडलं नाही, जमिनीवरच मोडलं! फिरणारी पाती बिजागरीवर किंचित मागेपुढे होतात, तोल ढळतो, आणि तो हेलकावा चाकांवरच्या डुलण्याशी जुळला की वाढतच जातो. कपडे एका बाजूला गोळा झालेलं वॉशिंग मशीन आठवा. फक्त इथे काही सेकंदांत सांगाडा खिळखिळा होतो. याचं नाव ग्राउंड रेझोनन्स.

त्याच वर्षी, १३ जूनला, कंपनीचं अवाढव्य एअर हॉर्स चाचणीत कोसळलं. पुढच्या रोटरमधला एक भाग धातू थकून तुटला होता. ॲलन मार्श, 'जीप' केबल आणि अनस्वर्थ, तिघंही गेले. कंपनी पुन्हा उभी राहिली नाही. स्कीटर मात्र सॉन्डर्स-रोकडे गेलं, सुधारलं आणि पुढे लष्करात दाखल झालं.

हेलिकॉप्टर शिकणाऱ्याला आजही सांगतात: जमिनीवर असा थरकाप सुरू झाला आणि रोटरला पुरेसा वेग असला, तर सरळ वर उचला, नसला, तर ताबडतोब थ्रॉटल बंद करा.