दामोदर खोऱ्याचें महामंडळ

नदीला प्रांतांच्या सीमा ठाऊक नसतात. राज्यकारभाराला मात्र त्या विसरतां येत नाहींत. या दोहोंचा मेळ घालण्याचा हिंदुस्थानांतील पहिला मोठा प्रयत्न म्हणजे ७ जुलै १९४८ रोजीं स्थापन झालेलें दामोदर खोऱ्याचें महामंडळ होय.

दामोदर नदी छोटानागपूरच्या पठारावर उगम पावते आणि कलकत्त्याच्या खालीं हुगळीस मिळते. वरचा मुलूख खडकाळ व उताराचा, तर खालचा बरद्वानकडील अगदीं सपाट. त्यामुळें पावसाळ्यांत पठारावरचें पाणी एकदम लोटे आणि पात्रांत न मावून गांवांत शिरे. ‘बंगालचें दुःख’ हें नांव तिला पडलें तें उगीच नव्हे. पिढ्यान् पिढ्या लोक कांठावर बांध घालीत आले. पण बांधानें पाणी कोंडतें, कमी होत नाहीं. जुलै १९४३ मध्यें डावा बांध फुटला. लोहमार्ग आणि ग्रँड ट्रंक रस्ता तुटून ऐन युद्धकाळांत कलकत्त्याचा उत्तरेशीं संबंध खंडित झाला. त्याच वर्षीं बंगालमध्यें दुष्काळानें लक्षावधि माणसें मेलीं.

तेव्हां बरद्वानच्या महाराजांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिति नेमण्यांत आली. तिचे एक सभासद, शास्त्रज्ञ मेघनाद साहा, यांची दृष्टि अमेरिकेकडे होती. तेथें १९३३ सालीं टेनेसी नदीचें सबंध खोरें एकाच सरकारी मंडळाच्या हातीं देण्यांत आलें होतें. त्याच मंडळांतील इंजिनियर वूर्डुइन यांस पाचारण करण्यांत आलें. सेकंदाला दहा लक्ष घनफूट पाण्याचा पूर आला तरी तो अडीच लक्षांवर आणावा, या हिशेबानें त्यांनीं आठ धरणें सुचविलीं. पूर अडवावा, पाटाचें पाणी द्यावें आणि वीजहि काढावी, असा तिहेरी हेतु त्यांत होता.

या कामीं महाराष्ट्रांतील दोन पुरुषांचा हात लागला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत मजूर खातें सांभाळणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं जानेवारी १९४५ मध्यें कलकत्त्यास मध्यवर्ती, बंगाल व बिहार सरकारांची परिषद भरवून तिचें अध्यक्षपद भूषविलें. पुढें स्वातंत्र्यानंतर महामंडळाचें विधेयक मांडणारे मंत्री होते काकासाहेब गाडगीळ.

तिलैया (१९५३), कोनार (१९५५), मैथन (१९५७) आणि पांचेत (१९५९) हीं धरणें उभीं राहिलीं. पांचेतचें उद्घाटन पंडित नेहरूंनीं एका संथाळ मजूर स्त्रीच्या हस्तें करविलें. मात्र आठांपैकीं महामंडळाचीं धरणें चारांवरच थांबलीं, आणि याचें मूळ शोधूं जातां इंजिनियरांच्या हिशेबापेक्षां जमिनीच्या हिशेबाकडे वळावें लागतें. बुडणारी जमीन मुख्यतः बिहारची, पुरापासून वांचणारी व पाटाचें पाणी मिळणारी बंगालची. वरच्या मुलखांतील हजारों संथाळ व इतर शेतकऱ्यांनीं घरें सोडलीं. आणखी जमीन देण्यास बिहार राजी होईना. मैथन व पांचेत यांचें जलाशय ठरलेल्या उंचीपर्यंत भरावयाचे, तर तेथवरची जमीनहि पूर्णपणें संपादन झाली नाहीं. भिंती उंच असूनहि जलाशयाची सर्व जागा पुराला देतां आली नाहीं.

पुढें एकेक अंग सुटत गेलें. दुर्गापूरचा बंधारा व कालवे यांचा कारभार १९६४ सालीं पश्चिम बंगाल सरकारकडे गेला. तेनुघाटचें धरण बिहारनें स्वतंत्रपणें बांधलें, आणि त्यांत पुरासाठीं जागा राखली नाहीं. सप्टेंबर १९७८ मध्यें मोठा पूर आला, तेव्हां खालचा मुलूख पुन्हां पाण्याखालीं गेला. वीज मात्र वाढली. खोऱ्यांत कोळसा विपुल होता. बोकारोचें औष्णिक केंद्र १९५३ सालींच सुरू झालें. पूर आवरण्यासाठीं जन्मलेली संस्था आज मुख्यतः कोळशाच्या विजेसाठीं ओळखली जाते. सन २००० मध्यें झारखंड राज्य झाल्यावर भागीदारीची बिहारची जागा त्या राज्याकडे आली. भागीदार मात्र तीनच राहिले.

तरी या प्रयत्नास निष्फळ म्हणणें अन्यायाचें होईल. चार धरणांनीं पुष्कळ पूर सौम्य केले व पुष्कळ शेतें भिजविलीं. परंतु ज्यांची जमीन बुडते त्यांचा वांटा आधीं ठरल्याखेरीज सबंध खोऱ्याची योजना पुरी होत नाहीं, ही शिकवण दामोदरनें दिली. नदी एक मानणें सोपें असतें. तिच्या दोन्ही टोकांच्या माणसांना सारखें मानणें कठीण असतें.