तांदळाचा चौक आणि लग्नाचं कर्ज



जव्हारहून आल्यापासून बऱ्याच जणी विचारतात, "तिथं पाहण्यासारखं काय आहे गं?" पालघर जिल्ह्यातलं, साधारण दीड हजार फूट उंचीवरचं छोटंसं गाव. आम्ही नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा करत गेलो. जयविलास राजवाडा पाहिला, दाभोसा धबधबा पाहिला. १६६४ साली सुरतेला जाताना शिवाजी महाराज इथल्या राजाला जिथं भेटले असं सांगतात, ते शिरपामाळही पाहिलं. पण आज मला लिहायचंय ते वारल्यांच्या एका भिंतीबद्दल.

आधी गावाचा थोडा इतिहास. जव्हारवर सहाशे वर्षांहून जास्त काळ मुकणे या महादेव कोळी घराण्याचं राज्य होतं. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. राज्य कसं मिळालं, याची एक दंतकथा जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. इथं पूर्वी वारली राजा होता. मुकण्यांच्या मूळ पुरुषानं त्याच्याकडे एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. वारली राजा हो म्हणाला. मग त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापून, एकीला एक जोडून, सगळ्या मुलखालाच वेढा घातला गेला! कथा खरी की खोटी हा प्रश्न वेगळा. पण वारल्यांनी शब्द पाळावा आणि जमीन दुसऱ्याची व्हावी, हे पुढच्या इतिहासातही पुन्हा पुन्हा दिसतं, म्हणून ती माझ्या लक्षात राहिली.

आता ती भिंत. गावाबाहेरच्या एका पाड्यावर लग्नघर होतं. कुडाची भिंत शेणामातीनं सारवून तिला गेरूचा हात दिलेला. तांदळाचं पीठ पाण्यात कालवलेलं. बांबूची काडी, तिचं टोक चावून कुंचल्यासारखं मऊ केलेलं. एवढ्या सामानावर सुवासिनी चौक काढतात. मधोमध पालघट देवी, भोवती नक्षीची चौकट, आणि बाजूला झाडं, माणसं, तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती फेर धरून नाचणारे. चौकाशिवाय लग्न लागत नाही. आणि लग्न लावते कोण? धवलेरी, म्हणजे एक बाईच! तीच गाणी म्हणते, तीच विधी करते.

आपणही मंदिरात अक्षतांचा साथिया काढतो, वर तीन पुंजके, त्यावर सिद्धशिलेची चंद्रकोर, आणि थोड्या वेळानं तो आवरला जातो. म्हणून मला तो चौक परका वाटलाच नाही. तोही पुढच्या सारवणाखाली जातो. काढणारीचं नाव कुठंच राहत नाही.

१९७०च्या सुमारास भास्कर कुलकर्णी या चित्रकारानं इथल्या पाड्यांवर कागद आणि रंग आणले. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी लग्नाच्या चौकातली ही कला कागदावर घेतली आणि जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोठंच काम. पण ती त्यांच्या हाती आली ती किती अनाम सुवासिनींच्या हातून, हेही आठवायला हवं.

या भिंतीची दुसरी बाजू मात्र कडू आहे. ज्या लग्नासाठी चौक काढायचा, त्याच लग्नासाठी वारली कर्ज काढायचा. जव्हारच्या घाटाखाली, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या डहाणू-उंबरगाव भागात अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. लग्नापुरते थोडे पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत सावकाराच्या शेतावर राबायचं, तेही बायकोसकट. कर्ज फिटायचंच नाही. म्हणजे अंगावरची हळद उतरायच्या आत नवरी गुलाम!

१९४५ मध्ये गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर या भागात आले. वारल्यांनी वेठ नाकारली, दिवसाला बारा आणे मजुरी मागितली. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, पाच जण गेले. पण लग्नगडी सुटले. गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक त्याच लढ्याचं आहे. जरूर वाचा.

मैत्रिणींनो, हे सावकार कोण होते? पारशी होते, ब्राह्मण होते, आणि वाणी-मारवाडीही होते. म्हणजे पिढीजात व्यापार-सावकारी करणाऱ्या आपल्यासारख्या घरांना हा इतिहास 'त्यांचा' म्हणून बाजूला ठेवता येत नाही. अहिंसाणुव्रताचे अतिचार आपण लहानपणी पाठ केले. त्यात 'बंध' आहे, 'अतिभारारोपण' आहे: बांधून ठेवणं, झेपणार नाही एवढा भार लादणं. हे सांगताना पाठशाळेत नेहमी बैलाचं उदाहरण देतात. गेरूच्या त्या भिंतीसमोर उभी असताना मला वाटलं, इथं माणसाचं उदाहरण द्यायला हवं. कंदमूळ न खाणाऱ्या घराच्या वहीत एखाद्या नवरीचा जन्म गहाण पडलेला असेल, तर ती वहीसुद्धा प्रतिक्रमणात आली पाहिजे.

आज लग्नगडी नाहीत. पण भात कापून झाला की इथली कुटुंबं अजूनही वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, पुष्कळदा मुकादमाकडून उचल घेऊन. आपलं घर बांधलं जात असेल, दुकानाचा माळा वाढत असेल, तर विटा कुणी पाडल्या, उचल किती होती, रोज किती पडला, हे विचारायला काय हरकत आहे? घरातल्या पुरुषांना ते आपणच विचारू शकतो. आणि वारली चित्र विकत घ्याल तेव्हा घासाघीस करू नका. काढणारीचं नाव विचारा, आणि चित्राच्या मागे लिहून ठेवा.