बातमी आली, फोन कुणाच्या हातात?

आजची गोष्ट उत्तर प्रदेशातल्या बुंदेलखंडातली आहे. चित्रकूट म्हटलं की आपल्याला रामायण आठवतं. तिथल्या दलित बायकांना मात्र कोरडा हातपंप, दगडाच्या खाणी आणि जातीचा जाच आठवतो.

१९९० नंतर तिथे महिला समाख्या या सरकारी कार्यक्रमातून बायका अक्षरं शिकल्या. शिकलेलं विसरू नये म्हणून वाचायला हवं, आणि त्यांच्या बोलीत वाचण्याजोगं तर काहीच नव्हतं. मग त्यांनीच ‘महिला डाकिया’ नावाचं पत्र काढलं. ते बंद पडल्यावर दिल्लीच्या ‘निरंतर’ या संस्थेच्या मदतीने २००२ साली चित्रकूटजवळच्या कर्वीतून ‘खबर लहरिया’ सुरू झालं. भाषा बुंदेली. बातमी आणायची बायकांनी, लिहायची बायकांनी, आणि छापून आलेला अंक गावोगाव फिरून विकायचाही त्यांनीच. म्हणजे ज्या सरपंचाविरुद्ध छापलं, त्याच्याच गावात गठ्ठा घेऊन जायचं! २००९ साली युनेस्कोचा साक्षरतेचा पुरस्कार या पेपरला मिळाला.

मग मोबाइल आला. २०१३ साली वेबसाइट झाली, पुढे छापील अंक थांबला आणि यूट्यूबवर व्हिडिओ सुरू झाले. छपाई आणि वाटपाचा खर्च गेला. पूर्वी चार गावांत कळणारी खाणीची बातमी आता लखनौच्या अधिकाऱ्यालाही दिसू लागली. आपल्या सामुदायिक रेडिओला आजही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या तेवढ्या ऐकवता येतात. तेव्हा मला त्यांचा थोडा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू.

पण फोनमधून नुसती बातमी येत-जात नाही. २०१५ साली एक माणूस कित्येक महिने नंबर बदलून बदलून या बातमीदारांना घाणेरडं बोलत होता, धमक्या देत होता. पोलिसांकडे खेपा घालूनही दाद लागेना. शेवटी त्यांनी स्वतःचीच कहाणी इंटरनेटवर मांडली, ती देशभर वाचली गेली, आणि मग हालचाल होऊन अटक झाली. छळ फोनवरून झाला, सुटकेची वाटही तिथूनच निघाली.

मला टोचते ती गोष्ट वेगळीच. छापील अंक घरात पडून राहतो. भाकऱ्या झाल्यावर बाई तो उघडू शकते, शाळेतली मुलगी मोठ्याने वाचून दाखवू शकते. फोन तसा पडून राहत नाही. तो नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशातून घराबाहेर जातो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरतो असा मोबाइल असलेल्या ग्रामीण बायका शंभरात ४७ सुद्धा भरल्या नाहीत. ज्या बाईला वाचायला मिळावं म्हणून हा सारा खटाटोप सुरू झाला, तिच्यापर्यंत हा व्हिडिओ पोचायचा कसा? खबर लहरियाच्या बायका गावात जाऊन स्वतःच्या फोनवर दाखवतील तेवढं खरं. पण म्हणजे पुन्हा गठ्ठा घेऊन फिरण्यासारखंच झालं की.

वेळ संपत आली. पुढच्या वेळी आपल्याकडच्या तानुबाई बिर्जे यांच्याबद्दल बोलू. १९०८ साली पती गेल्यावर ‘दीनबंधू’ची संपादकी त्यांनी हाती घेतली होती. तुमच्या घरात फोन कुणाकडे असतो, ते तेवढं कळवा. पोस्टकार्ड चालेल.