बोटीआधीचा मुक्काम

गोव्यातून परदेशी गेलेल्यांचा इतिहास बहुधा दोन टोकांवरून सांगितला जातो. एका टोकाला बार्देश किंवा सासष्टीतले खेडे, दुसऱ्या टोकाला नैरोबीतली सरकारी कचेरी, आबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना नाहीतर पी. अँड ओ. कंपनीच्या बोटीवरचे भोजनगृह. मधली मुंबई या कहाणीत केवळ बंदर म्हणून येते: माणूस उतरला, बोटीवर चढला, गेला. माझ्या मते खरी तयारी या मधल्या मुक्कामातच होत असे, आणि ती करून घेणारी संस्था म्हणजे धोबी तलाव, माझगाव, गिरगाव या भागांतली गोवेकरांची ‘कूड’. दिसायला नुसती खोली, पण ती एका गावाची असे. परदेशगमन हा एकट्या माणसाचा पराक्रम नव्हता, तो गावाने चालवलेला व्यवहार होता. आणि त्या व्यवहाराची घडण अशी की माणसाला जायला तिची फार मदत होई, परक्या मुलखात मुळे धरायला मात्र बेताचीच.

यावर पहिला आक्षेप पोटाचा. माणसे गेली ती उपासमारीने, त्यात संस्थेचा काय संबंध? उपासमार खोटी नव्हती. 26 डिसेंबर 1878 रोजी इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला. त्यातून मुरगाव बंदर आणि रेल्वे उभी राहिली, पण गोव्याचे मीठ इंग्रजांच्या मक्त्यात गेले आणि मिठागरांवर जगणाऱ्यांचे कंबरडे मोडले. 1892 मध्ये करार सरला, तोवर वाट रुळली होती. पण गरज माणसाला उंबऱ्याबाहेर काढते, कुठे जायचे ते सांगत नाही. दिशा आधीच ठरू लागली होती, याचा पुरावा शाळांत सापडतो. राज्यकारभार पोर्तुगीज भाषेत चालणाऱ्या मुलखात 1887 साली हडफड्यात फादर लायन्स यांनी इंग्रजी शाळा काढली, 1909 साली साळगावात ‘माटेर देई’ सुरू झाली, आणि मुले मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला बसू लागली. ज्या भाषेला पणजीच्या कचेरीत किंमत नाही ती शिकवायला आईबाप पदरचे पैसे खर्च करतात, तेव्हा मुलगा इथे राहणार नाही हे त्यांनी मनाशी धरलेलेच असते. चर्चच्या शाळेत स्वरलिपी आणि व्हायोलिन गिरवलेल्या मुलांनाही पुढे बँडमध्ये, हॉटेलांत, बोटींवर काम मिळे. धर्मगुरूंच्या मनात अर्थातच प्रार्थनासंगीत असणार. उपयोग भलताच निघाला.

आता कूड. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्या वाढत गेल्या आणि भर होता तेव्हा मुंबईत त्यांची संख्या तीनशेच्या वर होती. धोबी तलावच्या जेर महाल या एका इमारतीतच अनेक गावांच्या कुडी नांदत. रचना साधी: भिंतीकडेने सभासदांच्या पेट्यांची रांग, एका बाजूला ग्रामदैवत म्हणावे तसा गावच्या संताचा अल्तार, रात्री जमिनीवर पथाऱ्या. वर्गणी किरकोळ. संध्याकाळी रोझरीला हजर राहायचे, शिस्त पाळायची, गावच्या फेस्ताला पैसे काढायचे. पेटी महत्त्वाची होती, कारण माणूस वर्षभर समुद्रावर असला तरी पेटी कुडीतच असे, म्हणजे त्याचा हक्कही तिथेच असे. पत्रे या पत्त्यावर येत. काम नसलेल्याला कूड उधारीवर सांभाळी, कारण तो कुणाचा कोण हे सगळ्यांना ठाऊक असे आणि उधारी बुडवली तर बोभाटा गावात होई. नवा पोरगा जुन्या तारवट्यांकडूनच, म्हणजे खलाशांकडूनच, शिके: नल्ली, म्हणजे खलाशाची नोंदवही, कशी जपायची, बोटीवर बटलरशी कसे वागायचे, दलालाला किती द्यायचे आणि किती देऊ नये. कंपन्यांच्या बोटींवर स्वयंपाकघर आणि भोजनगृह गोवेकरांकडे, तर डेकवरच्या कामात रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमानांचा मोठा भरणा, ही वाटणी अशाच ओळखीपाळखीतून पक्की झाली. ज्याची नेमणूक करायची त्याला कोणीतरी ओळखणारा लागे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. स्वस्तात अंग टाकायची जागा, यापलीकडे यात विशेष ते काय? लालबाग-परळातही कोकणच्या आणि घाटावरच्या गावांच्या खोल्या होत्याच. साम्य आहेच, पण गिरणीतला माणूस पाळी संपली की खोलीवर येई. त्याचे काम शहरातच होते. कुडीतला माणूस पुढच्या बोटीची वाट पाहत असे. कामांपेक्षा खलाशी जास्त, त्यामुळे एक करार संपला की दुसरा मिळेपर्यंत महिनोन्‌महिने जात. हा रिकामा काळ पेलणे हीच परदेशी नोकरीची सर्वांत अवघड बाजू होती, आणि तो भार कूड उचली. तिचे गोडवे मात्र गाऊ नयेत. गावातली जात कुडीत शिरलेली होती आणि एकाच गावाच्या निरनिराळ्या जातींच्या वेगळ्या कुडीही होत्या. शिवाय हे सारे पुरुषांचे जग. आया म्हणून साहेबांच्या घरी राबणाऱ्या गोवेकर बायका याच शहरात होत्या, पण तारवट्यांच्या या व्यवस्थेत त्यांना जागा नव्हती.

स्थायिक होण्याचा प्रश्न इथेच येतो. 1872 पासून ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी पूर्व आफ्रिकेला नियमित जाऊ लागल्या, 1896 ते 1901 मध्ये युगांडा रेल्वे बांधली गेली, आणि कारकून, शिंपी, आचारी म्हणून गोवेकर तिकडे गेले. गेल्यावर त्यांनी काय उभारले? नैरोबीत गोवन इन्स्टिट्यूट, गोवन जिमखाना आणि शिंप्यांची वेगळी संस्था. कूडच ती, बिलियर्डच्या टेबलासह. बचतीतून घर बांधले जाई ते गावात, मुलांच्या शिक्षणासाठी नजर पुन्हा गोवा-मुंबईकडे वळे, आणि निवृत्तीचा बेत मांडवीकाठचाच. कोणी म्हणेल, दोष संस्थेचा नव्हे, राज्यकर्त्यांचा. केनियातल्या डोंगराळ प्रदेशातली उत्तम जमीन गोऱ्यांसाठी राखलेली असताना हिंदी माणसाने मुळे रोवायची कुठे? हे मला मान्य आहे. पण झांझिबार आणि मोंबासात जमीन, दुकान, पेढी करून बसलेले गुजराती व्यापारी त्याच राज्यात होते. पगारी नोकरी आणि गावाशी बांधलेली पत, या दोन गोष्टींनी गोवेकराला परतीच्या तयारीत ठेवले. 1963 मध्ये केनिया स्वतंत्र झाला, 1972 मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना युगांडातून हाकलले, आणि गाव परतण्याजोगे वाटेनासे झाल्यावर अनेक कुटुंबांनी ब्रिटन-कॅनडाचा रस्ता धरला. त्या खेपेला मधला मुक्काम कुठेच नव्हता.

आज कुडींतल्या पेट्या विरळ झाल्या आहेत आणि तयारी वेगळीच झाली आहे. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्याचा जन्म लिस्बनच्या नोंदवहीत चढवला की त्याच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाची वाट खुली होते. भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नसल्याने भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडण्याआधी याच कागदावर कितीतरी गोवेकर स्विंडनला पोचले. जुन्या चर्चमधले जन्माचे दाखले शोधणारे, भाषांतर करणारे आणि अर्ज भरणारे एजंट मडगाव-म्हापशात आहेत. ते फी घेतात आणि काम झाले की त्यांचा संबंध संपतो. तारवट्याची नोकरी सुटली तर पथारी टाकायला गावाची खोली होती, पासपोर्ट परत करून गेलेल्या कुटुंबाला तशी खोली कोणी राखलेली नाही. पण तेच कुटुंब बायकामुलांसह निघते, कर्ज काढून तिथेच घर घेते, आणि कुडीतल्या कित्येक पिढ्यांनी जे मनावर घेतले नाही ते पहिल्या दहा-पंधरा वर्षांत करून टाकते.