गोळीत लोह किती? एका गुलाबी थेंबाचा इतिहास

१/८
शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी निळी लोहगोळी अनेकांना आठवत असेल. आजच्या राष्ट्रीय कार्यक्रमानुसार तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असावे लागते. पण गोळीतील लोह मोजतात कसे? त्या मोजणीची ही कथा. #थ्रेड

२/८
सतराव्या शतकात इंग्रज वैद्य थॉमस सिडनहॅम फिकट पडलेल्या रुग्णांना मद्यात भिजवलेला लोखंडाचा कीस देत. मद्यात लोह किती उतरले, हे ना वैद्याला ठाऊक असे, ना रुग्णाला.

३/८
१८३२. फ्रान्समधील बोकेरचे डॉक्टर प्येर ब्लो यांनी फेरस सल्फेट आणि पोटॅशियम कार्बोनेट यांची गोळी पुढे आणली. रोग होता 'क्लोरोसिस', म्हणजे तरुण मुलींची कांती हिरवट-फिकट करणारा पांडुरोग. गोळीचा गुण आला आणि ती युरोपभर पोहोचली.

४/८
मात्र या मिश्रणातून तयार होणारे फेरस कार्बोनेट हवेत टिकत नाही. हिरवट गोळी तपकिरी पडते, कारण फेरस लोहाचे फेरिक होते आणि फेरिक क्षारांतील लोह आतड्यांत कमी शोषले जाते. लोह तेवढेच, पण गुण उतरलेला. साखरेच्या लेपाआड हे रुग्ण मुलीला कसे दिसावे?

५/८
उत्तराची वाट १८४६ मध्ये फ्रेंच रसायनज्ञ मार्गरित यांनी दाखवली. आम्लातील लोहाच्या द्रावणात जांभळे परमँगनेट थेंबाथेंबाने सोडायचे. फेरस लोह शिल्लक आहे तोवर रंग नाहीसा होतो. ज्या थेंबाला गुलाबी छटा टिकते, तिथे थांबायचे. किती परमँगनेट लागले, यावरून फेरस लोह कळते. फेरिक लोह या मोजणीत येतच नाही.

६/८
अडचण एकच: परमँगनेट गोळीतील साखरेशीही अभिक्रिया करते आणि आकडा फुगतो. म्हणून पुढे औषधकोशांनी सेरियमचे क्षार स्वीकारले. तेथे 'फेरॉइन' हा दर्शक लालाचा फिकट निळा झाला की मोजणी संपते.

७/८
१९५५ मध्ये ऑस्ट्रेलियात ॲलन वॉल्श यांनी अणुशोषण पद्धत मांडली. ज्योतीतील लोहाचे अणू ठरावीक प्रकाश शोषतात, त्यावरून अत्यल्प लोहही मोजता येते. परंतु ज्योतीत फेरस-फेरिक हा भेदच उरत नाही. यंत्र सांगते ते एकूण लोह.

८/८
म्हणूनच 'लोह किती' याचे उत्तर यंत्र देत असले, तरी 'लोह कोणते' हे विचारण्यासाठी प्रयोगशाळेत आजही ब्युरेट उभे असते. गोळी घेणाऱ्या मुलीला तिच्यातील लोह पारखता येत नाही. तिच्या वतीने ते काम रंग बदलणारा एक थेंब करतो.